बेपत्ता होल्डन

अमेरिकेतल्या 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट' या साप्ताहिकाच्या १५ जुलै १९४४च्या अंकात एक कथा छापून आली. युद्धावर निघण्याआधीची शेवटची रजा आणि त्या रजेचा शेवटचा दिवस, असा तिचा विषय. बेब ग्लॅडवॉलर नावाचा तरुण सैनिक घरी आलेला आहे. त्याचा सैन्यातला मित्र व्हिन्सेंट कॉलफिल्ड त्याला भेटायला येतो आणि बोलता बोलता सांगतो, की आपला धाकटा भाऊ लढाईत बेपत्ता झाला आहे. भावाने अजून विशीही गाठलेली नाही. त्याचं नाव होल्डन.

या होल्डन कॉलफिल्डला आज जग ओळखतं ते 'द कॅचर इन द राय' या कादंबरीचा नायक म्हणून. ती प्रसिद्ध झाली १६ जुलै १९५१ रोजी, म्हणजे बरोबर सात वर्षं आणि एका दिवसाने. तिथला होल्डन १६ वर्षांचा शाळकरी मुलगा आहे, महायुद्ध संपून चार वर्षं झाली आहेत आणि हा मुलगा न्यू यॉर्कच्या रस्त्यांवरून भटकतो आहे. लेखक एकच, जे. डी. सॅलिंजर. नावही तेच. जो बेपत्ता होता तो परत आला आहे, आणि येताना त्याचं वयही कमी झालं आहे.

गेली काही वर्षं मी या कोड्याच्या नादी लागलो आहे. माझं शिक्षण आयटीआयचं, इंग्रजी मांडीवर शब्दकोश घेऊन शिकलेलं, त्यामुळे मला एक सवय लागली आहे. पुस्तक वाचून झालं की ते कशापासून झालं, आधी कुठे छापलं गेलं, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. मोटर दुरुस्त करणारा माणूस आधी ती उघडतो, तसंच.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात. पेन्सिल्व्हेनियातल्या पेन्सी नावाच्या (काल्पनिक) निवासी शाळेतून होल्डनला काढून टाकलं आहे. नाताळच्या सुट्टीला अजून तीन-चार दिवस आहेत. घरी पत्र पोहोचेपर्यंत थांबायचं सोडून तो शनिवारी रात्रीच शाळेतून निघतो आणि सोमवारपर्यंत न्यू यॉर्कमध्ये हिंडतो. हॉटेल, बार, टॅक्सी, जुनी मैत्रीण, जुने शिक्षक. टॅक्सीवाल्यांना तो विचारत राहतो, की सेंट्रल पार्कमधलं तळं गोठलं की तिथली बदकं कुठे जातात. चोरून घरी जाऊन दहा वर्षांच्या फीबी या बहिणीला भेटतो. तिला तो सांगतो, की रायच्या, म्हणजे गव्हासारख्याच एका धान्याच्या, शेतात हजारो मुलं खेळत आहेत, शेताच्या टोकाला कडा आहे आणि आपल्याला त्या कड्यावर उभं राहून पडणाऱ्या मुलांना धरायचं आहे, बाकी काही व्हायचं नाही. ही कल्पना रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीच्या गाण्यातला एक शब्द चुकीचा आठवल्यातून आलेली असते. फीबी ती चूक लगेच दाखवून देते. हे सगळं होल्डन आपल्याला सांगतो ते नंतर, कॅलिफोर्नियातल्या एका आरोग्यधामातून.

एवढं ऐकून माणसं विचारतात, की या पोराला झालंय तरी काय? आमच्या गावच्या वाचनालयात शनिवारी वाचकांची बैठक असते. तिथे दोन शनिवार बसून मी ही कादंबरी मराठीत तोंडी सांगितली. एक निवृत्त मुख्याध्यापक सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "श्रीमंताचं लाडावलेलं पोर. वेळेवर दोन थोबाडीत बसल्या असत्या तर सरळ झालं असतं." सगळे हसले. मागच्या बाकावर एक बाई बसतात, फारसं बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "गुरुजी, त्याची आई रात्र रात्र जागी असते आणि सिगारेटी ओढते, असं यांनी मगाशी सांगितलं. धाकटा गेल्यापासून. तेवढं एक वाक्य तुम्ही ऐकलं नाही वाटतं." मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला. पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही.

बाईंनी बोट ठेवलं ते नेमक्या जागी. होल्डनचा धाकटा भाऊ ॲली रक्ताच्या कर्करोगाने गेलेला आहे. कादंबरीत या मृत्यूची तारीख दिली आहे, १८ जुलै १९४६. इतर बहुतेक बाबतींत होल्डन तारखांबद्दल बेफिकीर आहे. इथे दिवस, महिना, साल सगळं आहे. ॲलीच्या बेसबॉलच्या हातमोज्यावर हिरव्या शाईने कविता लिहिलेल्या असत, मैदानात उभं राहून कंटाळा आला की वाचायला. तो गेला त्या रात्री १३ वर्षांच्या होल्डनने गॅरेजच्या काचा मुठीने फोडल्या. तो हात अजून पाऊस आला की ठणकतो, मूठ नीट वळत नाही.

पावसाळी हवेत ठणकणारी जुनी जखम. हे वर्णन शाळकरी मुलापेक्षा लढाईवरून परतलेल्या शिपायाला जास्त शोभतं, हे माझ्या डोक्यात बसलं आणि मी सॅलिंजरच्या लष्करी सेवेचा माग काढत गेलो.

जेरोम डेव्हिड सॅलिंजर जन्मला १ जानेवारी १९१९ला, न्यू यॉर्कमध्ये. वडील चीज आणि डबाबंद मांसाचे व्यापारी. मुलगा एका शाळेतून निघाला, मग व्हॅली फोर्ज या लष्करी शाळेत गेला, तिथून १९३६ला बाहेर पडला. कॉलेजं धरली आणि सोडली. धंदा शिकायला वडिलांनी व्हिएन्नाला पाठवलं, तिथून तो परतला आणि थोड्याच दिवसांत हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. १९३९ला कोलंबिया विद्यापीठात 'स्टोरी' मासिकाचे संपादक व्हिट बर्नेट यांच्या लेखनवर्गात तो बसू लागला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी त्याची पहिली कथा छापली.

१९४१च्या अखेरीस 'न्यू यॉर्कर'ने त्याची होल्डनवरची एक कथा स्वीकारली. त्या काळच्या तरुण लेखकाला याहून मोठं काय हवं! पण ७ डिसेंबरला जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले, अमेरिका युद्धात उतरली आणि एका श्रीमंत मुलाच्या सुट्टीतल्या कुरबुरी छापायची ती वेळ राहिली नाही. कथा पडून राहिली ती थेट २१ डिसेंबर १९४६च्या अंकापर्यंत. मधल्या पाच वर्षांत लेखकाचं काय झालं ते पाहायला हवं.

१९४२च्या वसंतात तो सैन्यात भरती झाला. जर्मन आणि फ्रेंच येत असल्याने त्याला प्रतिहेर विभागात घेतलं. शत्रूचे हस्तक हुडकणं, कैद्यांची आणि गावकऱ्यांची चौकशी करणं हे काम. पण या विभागाची माणसं लढणाऱ्या पलटणींबरोबरच असत. चौथ्या पायदळ डिव्हिजनच्या बाराव्या रेजिमेंटबरोबर तो ६ जून १९४४ला नॉर्मंडीच्या यूटा किनाऱ्यावर उतरला. होल्डनची काही लिहिलेली पानं तेव्हा त्याच्याजवळ होती, असं त्याचे चरित्रकार सांगतात. पुढे शेरबूर, पॅरिस, मग नोव्हेंबरात हुर्टगेनचं जंगल. उंच झाडांच्या शेंड्यांवर तोफगोळे फुटायचे आणि लोखंडाबरोबर लाकडाच्या चिरफळ्या खाली बसलेल्या माणसांवर कोसळायच्या, थंडी वेगळीच. त्यानंतर डिसेंबरातली जर्मनांची शेवटची मोठी चढाई. आणि १९४५च्या एप्रिलमध्ये दाखाऊच्या छळछावणीची एक उपछावणी. जळालेल्या माणसांचा वास नाकातून कधीच पुरता जात नाही, अशा अर्थाचं काही तो पुढे आपल्या मुलीला म्हणाला होता. तिने २०००मध्ये लिहिलेल्या आठवणींत ते नोंदवलं आहे.

युद्ध संपलं आणि १९४५च्या उन्हाळ्यात सॅलिंजर न्यूरेंबर्गच्या रुग्णालयात दाखल झाला, मनाने ढासळलेल्या अवस्थेत. तिथून त्याने हेमिंग्वेला पत्र लिहिलं. दोघांची ओळख पॅरिसच्या मुक्तीच्या वेळची. बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयातल्या हेमिंग्वे संग्रहात ते पत्र आहे. आपण सतत खिन्न असतो हे तो सांगतो, आणि त्याच पत्रात थट्टेच्या सुरात लिहितो, की एक नाटक अर्धवट लिहून झालंय, केस बारीक कापले तर त्यातली होल्डन कॉलफिल्डची भूमिका आपणच करू शकू. २६ वर्षांचा सैनिक, मनोविकाराचं रुग्णालय, आणि डोक्यात शाळकरी मुलगा. मला या पत्रातली थट्टा थट्टा वाटत नाही.

आता कथांचा क्रम लावू. सॅलिंजरने या सुरुवातीच्या कथा कधीच पुस्तकात घेतल्या नाहीत. १९७४मध्ये कोणी तरी त्या परस्पर दोन खंडांत छापून विकल्या तेव्हा तो खटल्याला उभा राहिला. त्यामुळे त्या वाचायच्या तर जुनी नियतकालिकंच गाठावी लागतात. जुलै १९४४मध्ये, लेखक नॉर्मंडीत असताना, होल्डन बेपत्ता असल्याची बातमी आली हे वर सांगितलं. ऑक्टोबर १९४५च्या 'एस्क्वायर'मधल्या कथेत जॉर्जिया राज्यातल्या पावसात एका लष्करी ट्रकमध्ये व्हिन्सेंट बसला आहे. जवानांना नाचाच्या कार्यक्रमाला न्यायचं आहे, चार जण जास्त झालेत, त्यांना उतरवायचं काम त्याच्याकडे आहे; आणि त्याच्या मनात सारखा घोळतो आहे तो पॅसिफिकमध्ये हरवलेला होल्डन. १ डिसेंबर १९४५च्या 'कोलियर्स'मध्ये बेब ग्लॅडवॉलर परत दिसतो. तो व्हिन्सेंटच्या जुन्या मैत्रिणीकडे गेला आहे, व्हिन्सेंट हुर्टगेनच्या जंगलात कसा मेला ते सांगायला. म्हणजे कॉलफिल्डांचा एक मुलगा बेपत्ता, दुसरा ठार.

आणि तीन आठवड्यांनी, २२ डिसेंबरच्या त्याच 'कोलियर्स'मध्ये, होल्डन जिवंत. शाळा सोडून निघालेला, इतिहासाच्या म्हाताऱ्या मास्तरांचा निरोप घेणारा, आणि पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने बोलणारा. कादंबरीचं बीज ते हेच. अंक क्रमाने वाचणाऱ्या एखाद्या वर्गणीदाराने हे कसं पचवलं असेल कोण जाणे. आपल्याकडे मेलेल्या माणसाचं पान वाढून झाल्यावर तो दारात उभा राहावा, तसा हा प्रकार.

यात एक दुवा अजून आहे. 'स्टोरी' मासिकाच्या दप्तराबरोबर सॅलिंजरची एक अप्रकाशित कथा प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केली आहे. तिच्यात कॉलफिल्डांचा केनेथ नावाचा लहान मुलगा मरतो. बेसबॉलच्या मोज्यावर कविता लिहिणारा मुलगा मुळात हा. कादंबरीत तोच ॲली झाला.

१९४१ला स्वीकारलेल्या कथेतला होल्डन चिडका आहे, त्याला सगळ्याचा वीट आला आहे, पण त्याच्या घरात कोणी मेलेलं नाही. १९४५च्या डिसेंबरात शाळा सोडणाऱ्या होल्डनच्या कथेतही मेलेला भाऊ नाही. युद्धातल्या कथांत तो स्वतःच दुसऱ्याचं दुःख आहे. आणि १९५१च्या कादंबरीत तेच दुःख त्याच्या अंगावर ठेवलेलं आहे. थोरला भाऊ धाकट्यासाठी झुरत होता, आता मधला धाकट्यासाठी झुरतो. थोरल्या भावाला मात्र वेगळं नाव मिळालं आहे, डी. बी. तो नॉर्मंडीत उतरला होता, जिवंत परत आला आणि हॉलिवूडसाठी चित्रपट लिहितो, ज्याबद्दल होल्डनला त्याचा राग आहे. सॅलिंजरने मृताची जागा बदलली. होल्डनला वाचवायचं तर कोणी तरी दुसरं जायला हवं होतं, इतका सरळ हिशेब त्याने केला असेल असं मी म्हणणार नाही. पण कागदावर तसं झालेलं दिसतं.

'हा मुलगा आळशी आणि बंडखोर, त्याला कारण काय' हा प्रश्न या क्रमाने वाचलं की गळून पडतो. तेवढ्याने कादंबरी युद्धाची रूपककथा ठरत नाही. चिडका होल्डन युद्धाआधीचा आहे, हे १९४१च्या कथेवरून उघड आहे, आणि सॅलिंजरच्या स्वतःच्या शाळांचा इतिहासही त्यात आहे. तरीही पुस्तक हातात घेऊन बसलं की एकेक खूण वर येते. १६ वर्षांच्या मुलाच्या डोक्याची एक बाजू पांढरी आहे. हॉटेलात मार खाल्ल्यावर तो पोटात गोळी लागल्याचं सोंग करत चालतो, पुढे दारूच्या नशेत पुन्हा तेच. पुढचं युद्ध झालं तर अणुबाँबवरच जाऊन बसू, असं तो म्हणतो. इतिहासाच्या पेपरात त्याने लिहिलेलं असतं ते एवढंच, की इजिप्तचे लोक मेलेल्यांचे चेहरे कुजू नयेत म्हणून काही तरी लावत. आणि शेवटाकडे संग्रहालयातल्या त्याच ममींजवळ दोन लहान मुलांना घेऊन तो जातो. डी. बी.ने एकदा ॲलीला मोजा आणायला लावून विचारलेलं असतं, की युद्धाचा सर्वांत चांगला कवी कोण, रूपर्ट ब्रूक की एमिली डिकिन्सन. ब्रूक पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना गेला. डिकिन्सन आयुष्यभर घराबाहेर फारशी पडली नाही. ॲली उत्तर देतो, डिकिन्सन. युद्धाचं सगळ्यांत खरं लेखन घरात बसलेला माणूस करतो, ही गोष्ट सॅलिंजरने मेलेल्या मुलाच्या तोंडी घातली आणि मग तसंच पुस्तक लिहिलं. रणभूमी त्यात कुठेच नाही.

पण मला झोपू न देणारी जागा वेगळी आहे, पंचविसाव्या प्रकरणातली. सोमवारी सकाळी होल्डन फिफ्थ ॲव्हेन्यूवरून चालला आहे. प्रत्येक चौकात पदपथावरून पाय खाली टाकताना त्याला वाटतं, की आपण पलीकडे पोहोचणारच नाही, खाली खाली जात राहू आणि पुन्हा कोणाला दिसणार नाही. घामाने शर्ट भिजतो. मग तो ॲलीशी बोलू लागतो, मला नाहीसा होऊ देऊ नकोस म्हणून त्याच्या विनवण्या करतो, आणि पलीकडे सुखरूप पोहोचला की त्याचे आभार मानतो. पुन्हा पुढचा चौक, पुन्हा तेच. कुमारवयातलं मानसिक संकट म्हणून याचा उलगडा करता येतो, डॉक्टरांनी केलाही आहे. पण १५ जुलै १९४४चा अंक वाचलेला माणूस इथे थबकतो. नाहीसं होण्याची भीती वाटते आहे ती अशा मुलाला, ज्याला त्याच्या लेखकाने एकदा खरोखर नाहीसं केलं होतं.

अमेरिकन वाचकांच्या हे लक्षात का आलं नाही? माझ्या मते आलं होतं, निदान पहिल्या वाचकांच्या, फक्त त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. जून १९५०पासून कोरियात लढाई चालू होती. १९ जून १९५१ला, म्हणजे कादंबरीच्या महिनाभर आधी, सक्तीच्या भरतीचं वय १९वरून साडेअठरावर आणणारा कायदा झाला. होल्डन गोष्ट सांगतो तेव्हा १७चा आहे. पुस्तक घरी आणणाऱ्या किती तरी आईबापांच्या घरात त्या वयाचं पोर असणार. नंतर मात्र बाजाराने पुस्तकाचा ताबा घेतला. 'टीनएजर' हा शब्द नुकताच रुळत होता, १९५३ला स्वस्त आवृत्ती आली, १९५५ला जेम्स डीनचा चित्रपट आला आणि होल्डन बंडखोर तरुणाईचा झेंडा झाला. शाळांनी त्यावर बंदी घातली, शाळांनीच ते अभ्यासाला लावलं. १९६०ला ओक्लाहोमातल्या टल्सा इथे ते शिकवल्याबद्दल एका शिक्षिकेला काढून टाकण्यात आलं. डिसेंबर १९८०मध्ये जॉन लेननच्या मारेकऱ्याजवळ हे पुस्तक सापडलं आणि पुस्तकाभोवतीची चर्चा आणखीच भलतीकडे गेली.

मराठीतही असंच काहीसं झालं. १९६३ला 'कोसला' आली आणि तेव्हापासून भालचंद्र नेमाडे यांच्या या कादंबरीचा विषय निघाला की सॅलिंजरचं नाव निघतं. प्रभाव किती, उसना किती, भाषेचा तिरकस सूर कोणाचा, यावर आपल्या समीक्षेने भरपूर शाई खर्च केली. ती मला बरीचशी वाया गेलेली वाटते. पांडुरंग सांगवीकर आणि होल्डन यांचं नातं बोलण्याच्या ढबीत शोधायचं कारण नाही. दोघांच्याही पुस्तकाच्या पोटात एक लहान भावंड मेलेलं आहे: होल्डनचा ॲली, पांडुरंगची धाकटी बहीण. दोघांनाही त्यानंतर शाळा-कॉलेज, परीक्षा, मोठ्यांचं शहाणपण हे सगळं खोटं दिसू लागतं, किंवा आधीपासून दिसत असलेलं आता सोसेनासं होतं. मात्र फरकही तिथेच आहे. बहिणीचं जाणं 'कोसला'त उघड्यावर येतं, गावासकट, बापासकट. होल्डनच्या घरी त्याविषयी कोणी बोलत नाही, आई रात्री सिगारेट ओढते आणि मुलगा बदकांची चौकशी करतो. खानदेशातल्या दुःखाला निदान रडायला माणसं होती. महायुद्धावरून परतलेल्या अमेरिकनाला नोकरी, घर, गाडी मिळाली, आणि गप्प राहण्याची अपेक्षा.

सॅलिंजर स्वतः गप्प झालाच. तिसऱ्या छपाईपासून त्याने मलपृष्ठावरचा स्वतःचा फोटो काढून टाकायला लावला. १९५३च्या पहिल्या दिवशी तो न्यू हॅम्पशायरमधल्या कॉर्निश गावी राहायला गेला, जून १९६५नंतर त्याने एकही कथा छापू दिली नाही. होल्डनवर चित्रपट काढायला मोठमोठे लोक आले, सगळ्यांना नकार. २००९ला एका स्वीडिश लेखकाने ७६ वर्षांचा झालेला होल्डन दाखवणारी कादंबरी लिहिली. वृद्धाश्रमातून पळून न्यू यॉर्कला भटकणारा म्हातारा. नव्वदीतल्या सॅलिंजरने खटला भरला. १ जुलै २००९ला न्यू यॉर्कच्या न्यायालयाने त्या पुस्तकाच्या अमेरिकेतल्या प्रकाशनाला मनाई केली. २७ जानेवारी २०१०ला सॅलिंजर गेला. पुढे वरच्या न्यायालयाने प्रकरण फेरविचारासाठी खाली पाठवलं आणि २०११ला तडजोड झाली. पण लेखक हयात असेपर्यंत अमेरिकेत होल्डन कॉलफिल्ड १७ वर्षांच्या पुढे गेला नाही.